काळ्याखालचं नाव

पात्याचं टोक काळ्या रंगाखाली शिरलं आणि फोर्तुनातोनं श्वास रोखून धरला.

"निघतोय का रे, म्हाताऱ्या?" त्याच्या बायकोनं, सातूनं, स्टोव्हजवळून विचारलं.

"बोलू नकोस."

"मी कुठं बोलतेय? विचारतेय."

जेवणाच्या टेबलावर गिटारचं नुसतं धड पालथं पडलं होतं. तारा काढलेल्या, मान सुटी करून कपाटावर ठेवलेली, पोटातल्या वायरी उपसून एका डब्यात भरलेल्या. फोर्तुनातोनं पातं आडवं धरलं, जरा रेटलं, आणि काळ्याचा एक पोपडा उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा अलगद सुटून आला. खाली हिरवा रंग होता. पोपटी, चकचकीत, वर्षापूर्वी होता तस्साच.

"देवा रे!" तो मटकन खुर्चीत बसला. "सातू, घासलेलं नाही! अगं, मी घासलेलंच नाही!"

सातू धावत आली नाही. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले आणि मग आली. त्या पोपड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"ही पाठ आहे," ती म्हणाली. "नाव पुढं आहे."

"पाठ निघाली म्हणजे पोटही निघणार."

"निघू दे बाबा," असं म्हणून ती परत स्टोव्हकडे गेली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता, पण फोर्तुनातोचं लक्ष कुठं होतं? तो दुसरा पोपडा उचलत होता.

त्यांच्या पोराला, विल्मरला, जाऊन येत्या शनिवारी वर्ष होणार होतं. लिमाच्या या टोकाला, डोंगराच्या उतारावर पत्र्याच्या छपरांची जी वस्ती आहे, तिथली निम्मी माणसं या कामायो कुटुंबासारखीच वरच्या डोंगराळ मुलखातून, वानकायोच्या खोऱ्यातून उतरून आलेली. गाव सुटलं, पण मेलेल्यांचे नियम काही सुटले नाहीत. माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे धुवायचे आणि घरच्यांनी काळं घालायचं. वर्ष भरलं की सोयरेधायरे जमवायचे, धर्माच्या सोयऱ्याच्या हातून ते काळं उतरवून घ्यायचं, अंगावर रंगीत चढवायचं आणि नाचायचं. नाचायचंच. जो नाचत नाही त्याच्या अंगाला काळं चिकटून बसतं आणि मग ते घरातलं आणखी एक माणूस मागतं, असं सातूची आई सांगायची. आता सातू सांगते.

विल्मर गिटार वाजवायचा. लग्नं, बारशी, देवाच्या जत्रा, जिथं कुंबियाच्या नाचगाण्यांचा बँड बोलावतील तिथं. अशाच एका जत्रेत भुरभुर चालू होती, भाड्यानं आणलेल्या स्पीकरची वायर कुठंतरी उघडी पडली होती. त्यानं एक हात तारांवर ठेवला आणि ओठ माइकला लावले. बस, तेवढंच. पोरगा गेला. गिटार मात्र घरी आली, अंगावर एक ओरखडा नाही.

तिलाही काळं करायचं हे फोर्तुनातोच्याच डोक्यातून निघालं. "तीही त्याच्या घरचीच," असं तो म्हणाला होता म्हणे. म्हणे, कारण त्याला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. कपडे धुण्याच्या त्या पाचव्या दिवशी उसाची दारू सकाळपासूनच फिरत होती, आणि ज्याचा पोरगा गेलाय त्याचा पेला कुणी रिकामा ठेवत नाही. रंगाचा डबा उघडल्याचा वास तेवढा आठवत होता. दुसऱ्या दिवशी जागा झाला तेव्हा गिटार खिळ्याला टांगलेली होती, काळीकुट्ट, सफाईदार. बघणारे म्हणाले, उस्तादाचा हात उस्तादाचाच, दारूतही चुकत नाही.

आणि त्या काळ्याखाली एक नाव होतं. लग्नाच्या वर्षी विल्मरनं स्वतःच्या हातानं गिटारच्या पोटावर रंगवलेलं. पिवळीधमक अक्षरं, त्यांना गुलाबी सावली. नेलिदा.

गेल्या रविवारी नेलिदा सासऱ्यासमोर येऊन बसली होती, वर्षभर घालून विटलेल्या काळ्या कपड्यांत.

"पापा, शनिवारी मी काळं उतरवते. तुम्ही सगळे म्हणता तर नाचतेही. पण मग मी आईकडे जाणार, वानकायोला. आता इथं नाही राहवत."

"जा पोरी. तुझं आयुष्य आहे."

"मला काही नकोय इथलं. त्याचा फोन त्याच्याबरोबरच जळला. लिहायचा तर तो कधी एक ओळ लिहीत नव्हता, आळशी मेला." ती हसायला गेली आणि रडली. "त्याच्या हातचं एवढं एकच आहे माझ्याकडे, ते नाव. ते वाचवा. गिटार वाजवू दे कुणालाही, मला फक्त एकदा ते नाव बघायचंय. एकदा हात लावून बघायचंय."

"वाचवतो," फोर्तुनातो म्हणाला. म्हणताना त्याच्या मनात पाल चुकचुकली, ती तेव्हापासून गप्प बसली नव्हती.

त्याचं कारण असं. फोर्तुनातोनं उभा जन्म बसगाड्या रंगवण्यात काढला. गॅरेजात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकवायचा: घासल्याशिवाय रंग नाही. जुन्या चकचकीत रंगावर नवा रंग नुसता फासला तर तो धरत नाही, नखानं सोलून निघतो. म्हणून आधी पाणी आणि घासायचा कागद घेऊन जुन्याची चकाकी मारायची, मगच ब्रश उचलायचा. तो आता झोपेतही घासेल. मग त्या दिवशी, दारूत, त्या हातांनी काय केलं होतं? सवयीनं घासलं असेल तर काळ्याखाली नाव उरलेलंच नाही. आणि दारूनं हात बहकला असेल, घासायचं राहून गेलं असेल, तर अक्षरं आत सुखरूप आहेत. आपण काम वाईट केलेलं असावं, अशी प्रार्थना त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केली होती.

आणि पाठ तर सालीसारखी निघत होती!

दिवेलागणीला नेलिदा बाजारातल्या कामावरून आली. टेबलावरचा हिरवा रंग पाहून ती दारातच थबकली.

"पापा…"

"बघतेस काय? ये इकडं. ही पाठ. उद्या-परवाकडं पोट. जशीच्या तशी निघतेय. तुझा सासरा दारूत काम बिघडवतो, देवाची कृपा!"

ती हसली. खळखळून हसली. वर्षभरात त्या घरात तसं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. तिनं सासऱ्याच्या रंगानं बरबटलेल्या बोटांची पापी घेतली. सातू मात्र सूप ढवळतच राहिली.

"आई, तुम्ही बघितलंत?"

"बघितलं गं. बस, खाऊन घे."

दुसऱ्या दिवशी जोनेल आला, बँडमधला नवा गिटारवाला. गिटारच्या पोटात घालायला नवी वायर घेऊन आला होता, विजेचा धक्का जमिनीत उतरवणारी. शनिवारी ती गिटार त्याच्याच हातात असणार होती.

"उस्ताद, या वेळी स्पीकरही मी स्वतः तपासलेत. काळजी नको."

"काळजी तू कर," सातू म्हणाली. "ती गिटार आपला धनी खाते."

"असं नका बोलू मावशी, माझ्या हाताला आत्ताच घाम फुटला." मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "नेली आहे का घरात?"

नेली! फोर्तुनातोनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पोरगं वाईट नव्हतं. भांग नीट पाडला होता, बूट पुसलेले होते. पण ते लाडाचं नाव त्याच्या तोंडून ऐकणं फोर्तुनातोला खुपलंच.

"बाजारात आहे," तो म्हणाला. "आणि तिचं नाव नेलिदा आहे. गिटारवर लिहिलंय, शनिवारी वाच."

जोनेल गेल्यावर त्यानं गिटार उलथी केली.

पात्याचं टोक त्यानं कडेला लावलं. शिरेना. जरा वर लावून पाहिलं. शिरलं, पण पोपडा उठला नाही, नुसती काळी भुकटी पडली. त्यानं पातं बदललं. पुन्हा भुकटीच. काळा रंग खालच्या हिरव्याला असा धरून बसला होता, की कुणीही म्हणावं, काय काम केलंय!

"थंडीनं घट्ट झालाय," तो मोठ्यानं म्हणाला. "ही हवा बघ ना कसली!"

हवा खरंच तशीच होती. ऑगस्टचं धुकं डोंगरावरून सरळ घरात शिरत होतं, दोरीवरचे कपडे आठवडाभर ओले, पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब लटकलेले. पाठीचा मोकळा झालेला हिरवा चकचकावा म्हणून त्यानं आदल्या दिवशी लाखेचा एक हात दिला होता, तो सुकायच्या आत नासलेल्या दुधासारखा पांढरट पडला. तो त्याला पुसून काढावा लागला. पत्र्याच्या बसवर असलं कधी झालं नव्हतं. गॅरेजात दिव्यांची भट्टी असते, घरात काय असणार?

मग त्यानं रंग सुटा करायचं रसायन आणलं, कापसावर घेतलं आणि वरच्या कोपऱ्यात, जिथं अक्षर नव्हतं तिथं लावलं. काळा फुगला, सुरकुतला, आणि त्याच्याबरोबर हिरवाही फुगला. कोपरा लाकडापर्यंत उघडा पडला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, घसा जळायला लागला, आणि सातूनं दारं-खिडक्या उघडल्या तसं आणखी धुकं आत आलं.

"ठेव ते," ती म्हणाली. "दोन घास खा."

"भूक नाही."

"मी म्हणते ठेव."

त्यानं ठेवलं नाही. पाण्यात भिजवलेला बारीक कागद घेतला आणि काळं हळूहळू, फुंकर मारल्यासारखं घासायला लागला. एक एक चिंधी काळ्या पाण्यानं भरत गेली. दुपार उलटली. आणि काळ्यातून हिरवा वर आला. नुसता हिरवा. त्यावर बारीक, सरळ, समांतर रेघा, एकाच दिशेनं, एकाच दाबानं मारलेल्या. त्या रेघा कुणाच्या हातच्या हे त्याला कुणी सांगायला नको होतं; पाठ दारूत राहून गेली होती, पोट मात्र सवयीनं घासलं होतं.

त्यानं आणखी खाली घासलं, मग आणखी डावीकडे. अक्षर नव्हतं. एकही नव्हतं.

"मीच पुसलं," तो म्हणाला. "सातू, मी माझ्या हातानं पुसलं गं पोराला."

सातू समोरच्या खुर्चीत येऊन बसली. मांडीवर हात ठेवून, मान खाली घालून.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी मीच आणून दिलं होतं तुला. तू मागितलंस, सातू, बादलीभर पाणी दे. बाहेर सगळे त्याचे कपडे धूत होते. मला वाटलं, तू गिटार धुतोयस. त्याचीच वस्तू, धुवायला हवीच, म्हणून मी उलट बरं म्हटलं. मग बादली ओतायला गेले तर पाणी पिवळं होतं. पिवळं आणि गुलाबी."

"आणि वर्षभर तू गप्प?"

"काय सांगू? तू आधीच अर्धा मेला होतास. सांगितलं असतं तर दुसरा अर्धाही गेला असता. मला वाटलं, कशाला कोण कधी ते काळं काढतंय."

फोर्तुनातो ओरडला नाही. ओरडायला हवा होता, सातू तयारीतच बसली होती. तो फक्त म्हणाला, "कालपासून ती पोरगी हसतेय गं." आणि तोंड बाहीत खुपसून रडला.

रडून झाल्यावर मात्र हात कामाला लागले. त्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. आवाजाच्या बटणाखाली एक पितळी चकती होती, ती अजून काढायची राहिली होती. त्यानं स्क्रू पिळला, चकती उचलली आणि थिजला. चकतीच्या खाली, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, पिवळं होतं. गुलाबी काठासकट.

ती शेवटच्या अक्षराची शेपटी होती. विल्मर अक्षरं लिहायला बापाकडूनच शिकला होता, बसच्या पाट्यांवर; पण एक खोड त्यानं कधी सोडली नाही. शेवटच्या अक्षराची शेपटी तो लांब ओढायचा आणि टोकाला वर वळवायचा, मासे धरायच्या गळासारखी. "खाली उतरव गाढवा," फोर्तुनातो म्हणायचा, "वर नेलीस की वाचणाऱ्याची नजर गाडीबाहेर जाते." "जाऊ दे की पापा, फिरून येईल," असं पोरगा म्हणायचा. तो गळ त्या चकतीखाली दडून बसला होता. दारूतही उस्तादानं बटणाला हात लावला नव्हता.

"बघ," तो सातूला म्हणाला. सातूनं पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

उरलेला काळा घासून काढून, उघड्या कोपऱ्याला हिरव्याचा हात देऊन त्यानं त्या ठिपक्याशी ताडून पिवळा आणि गुलाबी कालवला. जुना बारीक ब्रश शोधून काढला. सातूला कळलं तशी ती त्याच्या आणि टेबलाच्या मधे उभी राहिली.

"नाही. मेलेल्याच्या हातानं लिहू नकोस. वाईट असतं ते."

"मग तिला काय दाखवू? ओरखडे?"

"खरं सांग तिला."

"तू सांगितलंस मला?"

सातू बाजूला झाली. हे बोलायला नको होतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत येतो?

त्यानं लिहिलं. हात कापत होता, आणि एका अर्थी ते बरंच झालं, कारण विल्मरचं अक्षर बापाइतकं सरळ कधीच नव्हतं. पहिलं अक्षर जरा आडवं पसरलेलं, मधली दाटीवाटीनं, आणि शेपटी ओढत ओढत त्या खऱ्या गळाला नेऊन भिडवली. जोड दिसत नव्हता. पितळी चकती त्यानं परत लावली नाही.

पण रंग सुकेना. गिटार रात्रभर टांगून ठेवली, सकाळी दिवा लावून ऊब दिली, सातूनं न बोलता स्टोव्ह जवळ सरकवून दिला. वरून लाखेचा हात द्यावा तर तो पुन्हा पांढरा पडायचा. शुक्रवारी संध्याकाळीही अक्षरांजवळ बोट नेलं की ओलसर वास यायचा. जोनेलनं येऊन कडेकडेनं धरूनच नवी वायर बसवली, मान जोडली, तारा चढवल्या. नावाला हात लावायची फोर्तुनातोनं त्याला बंदीच घातली होती.

शनिवारी अंगणात माणूस मावेना. सूप झालं, बटाटे झाले, बिअरचा एकच ग्लास हातोहात फिरत होता, आणि पिणारा उरलेला फेस जमिनीवर झटकून ग्लास पुढच्याला देत होता. धर्माचे सोयरे आंब्रोसियो यांनी आधी फोर्तुनातोचा काळा कोट उतरवला, मग सातूची शाल, मग नेलिदाचं काळं जाकीट. तिच्या अंगावर गुलाबी ब्लाउज आणि फुलांचा घागरा चढवला. बायका रडल्या. मग काळ्या कापडात गुंडाळलेली गिटार आली.

"हिनंही वर्षभर पाळलं," आंब्रोसियो म्हणाले आणि कापड ओढलं.

"आई गं," कुणीतरी म्हणालं. पोपटी हिरव्यावर पिवळं नाव झळकत होतं. नेलिदा. माणसांनी टाळ्या वाजवल्या. फोर्तुनातोला त्या टाळ्या थोबाडीत बसाव्या तशा लागल्या.

नेलिदा पुढे आली. गिटारपाशी वाकली, आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

बोट उचललं तेव्हा त्याच्या टोकाला पिवळं लागलं होतं.

तिनं त्या बोटाकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे. फोर्तुनातोला वाटलं, धरणी दुभंगावी. तो तोंड उघडणार एवढ्यात ती परत वाकली. आता बोट न टेकवता, वरच्यावर, ती अक्षरामागून अक्षर पुढे नेत गेली, शेपटीवरून उतरत थेट त्या टोकाच्या गळापर्यंत. तिथं तिनं बोट टेकवलं. दाबलं. तिथं रंग सुकलेला होता, जुना, गुळगुळीत. बोट तिथंच राहिलं.

"काय गं पोरी?" आंब्रोसियोंनी विचारलं. "त्याचंच ना?"

"त्याचाच हात आहे," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पिवळं लागलेलं बोट आत घेऊन मूठ मिटली.

जोनेलनं गिटार गळ्यात घातली. वायर खोचताना त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सातूनं डोळे मिटले, ओठ हलत होते. त्यानं एक हात तारांवर ठेवला, ओठ माइकजवळ नेले, आणि अंगणातलं एकही माणूस श्वास घेईना.

पहिला सूर निघाला. दुसरा निघाला. जोनेल उभाच होता. मग ड्रम सुरू झाला आणि बायकांनी घागरे सावरले.

फोर्तुनातो भिंतीपाशीच राहिला. नाचायला हवं होतं, ठाऊक होतं, पण पाय उचलेनात. सातू त्याच्या अंगावर खेकसणार इतक्यात नेलिदाच गर्दीतून आली आणि त्याच्यासमोर हात पुढे केला.

"चला पापा. नाहीतर काळं चिकटून बसेल."

त्यानं हात घेतला. मूठ होती, घट्ट मिटलेली, आणि गाणं संपेपर्यंत तिनं ती उघडली नाही.